जानेवारीतली उन्हाळी

“सिस्टर, जनवरी में उन्हाळी किसको लगती है?”

शेठनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. मी कंपनीच्या फर्स्ट-एड रूममध्ये स्वेटर घालून, वरून शाल घेऊन बसले होते. अंबरनाथचा आनंदनगरचा कारखान्यांचा पट्टा जानेवारीत सकाळी असा गारठतो की थर्मामीटर तोंडात ठेवला तरी माणूस दचकतो. मी चष्मा लावला आणि मेसेज वाचला.

‘शेठ मला उन्हाळी लागली आहे. आज येणार नाही. भारती, पॅकिंग.’

“आमच्या मुलांचं समर वेकेशन मे महिन्यात लागतं,” शेठ म्हणाले. “हिचं जानेवारीत लागलं? आणि तिने आपलं आपणच लावून घेतलं? मुझे पूछा भी नहीं!”

आमचे शेठ म्हणजे कंपनीचे मॅनेजर. मालक वेगळे, त्यांना आम्ही मोठे शेठ म्हणतो. हे शेठ सिंधी, जन्म उल्हासनगरचा. मराठी छान बोलतात, पण रागावले की हिंदीवर जातात आणि फार रागावले की सिंधीत शिरतात. त्या दिवशी अजून हिंदीच चालू होतं. म्हटलं, चला, वेळ आहे.

मला मेसेज वाचताक्षणी कळलं होतं. तुम्हालाही कळलं असेल. उन्हाळी लागणं याचा ऋतूशी काही संबंध नाही. लघवी करताना आग होते, दर थोड्या वेळाने जावंसं वाटतं, गेलं की चार थेंब, आणि परत येऊन बसावं तर पुन्हा तेच. त्याला आपल्याकडे उन्हाळी म्हणतात, कुणी उन्हाळे लागले म्हणतात. डॉक्टर त्याला सिस्टायटिस म्हणतात. ओटीपोटात लघवीची पिशवी असते, तिला आतून सूज येते. बहुतेक वेळा जंतूंमुळे. बायकांना जास्त होतं, कारण आपली लघवीची वाट आखूड असते आणि जंतूंना फार चालावं लागत नाही.

एवढं सगळं शेठना सांगायला मला एक मिनिट पुरलं असतं. पण सकाळीच भारतीचा फोन आला होता.

“सिस्टर, शेठला लघवीबिघवी सांगू नका हां. मी तोंड कसं दाखवू?”

“मग काय सांगू?”

“उन्हाळी सांगितलंय ना मी. समजेल त्यांना.”

समजलं होतं ना, छान समजलं होतं.

“शेठ,” मी म्हटलं, “तिला जरा अंगात उष्णता झालीय.”

“गरमी?” शेठनी माझ्या शालीकडे पाहिलं, मग स्वेटरकडे, मग खिडकीतून दिसणाऱ्या वॉचमनच्या माकडटोपीकडे. “सिस्टर, आप भी?”

“खरंच सांगते.”

“शनिवारला मोठे शेठ येणार आहेत. परमनंटची नावं फायनल करायला. भारतीचं नाव मीच दिलं होतं. आता मी काय सांगू? जो जनवरी में वेकेशन पे जाती है, वो मई में क्या करेगी? लंडन जाएगी?”

आणि ते निघून गेले. मी शाल घट्ट केली. आता खरी थंडी वाजायला लागली होती.

परमनंट म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्याकडे लाईनवरच्या बऱ्याच बायका कॉन्ट्रॅक्टवर असतात. काही महिने काम झालं की त्यांना ‘ब्रेक’ देतात. ब्रेक म्हणजे चहाचा नव्हे. घरी बसा, बोलावलं की या. बोलावतील की नाही ते देवालाही माहीत नसतं. परमनंट झालं की ही टांगती तलवार जाते. भारती गेली काही वर्षं अशीच ये-जा करत होती. हाताने इतकी चपळ की तिच्या टेबलावर माल कधी साचत नसे. या वेळी तिचं नाव पहिल्यांदा वरपर्यंत गेलं होतं, आणि ते एका शब्दावर घसरायला निघालं होतं.

मी राहते बदलापुरात, कुळगावला. भारतीचं घर तिथून पुढे, गावाकडे. संध्याकाळी शेअर रिक्षा पकडली आणि गेले तिच्याकडे.

घरात शिरले तर जत्रा. भारती पलंगावर पाय लांब करून बसलेली. तिची सासू खाली बसून तिच्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांना चुना लावत होती. पानाचा चुना. आजूबाजूला तीन-चार शेजारणी, आणि प्रत्येकीच्या हातात काहीतरी. एकीकडे धन्याचं पाणी, एकीकडे गोखरूचा काढा, एकीने तर कांदा किसून आणलेला.

“या, सिस्टरबाई,” सासू म्हणाली. “पोरीला उन्हाली लागलीय. चुना लावतंय. रात्रीपर्यंत उतरंल.”

“अंगठ्याला चुना लावून लघवीची आग कशी जाईल हो, ताई?”

“आमच्या आईची पन जायची.”

आईच्या विरोधात मी बोलत नाही. कुणाच्याच.

“राहू दे चुना,” मी म्हटलं. “पोटात तर जात नाही. भारती, पाणी किती प्यायलीस आज?”

भारती खाली बघायला लागली.

“काय विचारते मी?”

“नाही प्यायले, सिस्टर. प्यायलं की जावं लागतं. गेलं की आग होते. म्हणून बंदच केलं.”

“बरोबर केलं,” कांदावाली शेजारीण म्हणाली. “पाणीच नाही तर आग कुठून होणार?”

हीच खरी गंमत आहे बघा. आग होते म्हणून पाणी सोडायचं. पाणी सोडलं की लघवी घट्ट होते, पिवळी होते, आणखी झोंबते. जंतू आत बसून निवांत पोरंबाळं वाढवतात, त्यांना हाकलायला पाण्याचा लोंढाच येत नाही. मी हे सगळं सांगितलं, पण कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग मला आमच्या कंपनीची आठवण झाली. आमच्याकडे संडासाच्या फ्लशच्या टाक्या बनतात, प्लास्टिकच्या.

“भारती, दिवसभर टाक्या पॅक करतेस ना? टाकी भरलीच नाही आणि वरचं बटण दाबत बसलं तर काय होईल?”

“काय नाही. खाली तसंच राहील.”

“मग?”

“ईऽऽ, सिस्टर!”

पण समजलं. तिनेच हात पुढे करून धन्याचं पाणी मागितलं. धन्याचं पाणी आग विझवतं की नाही ते मला माहीत नाही, पण त्यात पाणी असतं एवढं मला माहीत आहे. त्या दिवशी तेवढं पुरेसं होतं.

मग मी बाकीचं सांगितलं. लघवी आली की जायचं, दाबून धरायची नाही. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी कपड्यावरून ठेवायची, कळ कमी होते. चहा आणि मिरचीचा खर्डा थोडे दिवस बाजूला. सुती, सैल कपडे. धुताना पुढून मागे. आणि पक्कं लक्षात ठेवायचं, की ताप आला, थंडी वाजली, कमरेच्या वर पाठीत दुखलं, उलटी झाली किंवा लघवीत रक्त दिसलं, तर घरगुती सगळं बंद आणि तडक डॉक्टर. नुसती आग असेल आणि दोन-तीन दिवसांत कमी झाली नाही तरी डॉक्टर. साखरेचा आजार असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टर.

“आणि भारती, तुला दिवस तर नाही ना गेलेले? कारण गरोदर असलीस तरी घरी काही करायचं नाही, लगेच तपासायचं.”

झालं. मी मधले दोनच शब्द मोठ्याने बोलले असेन.

“काय? दिवस गेलंत?” सासू चुन्याची डबी घेऊन उभीच राहिली. “अगो, मंग सांगायचं नाय का? मी चुना लावत बसलंय!”

“नाही गेले, आई!”

“साखर आन गं कोनतरी!”

“आई, नाही गेलेत! पाळी आताच झाली!”

सासू खाली बसली. चुन्याची डबी बंद केली. तिचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं. शेजारणीने साखर आणली होती ती मग सगळ्यांनी तशीच खाल्ली.

निघताना चौथी शेजारीण हळूच जवळ आली. तिच्या मुठीत अर्धी फाटलेली गोळ्यांची पट्टी. “आमच्या ह्यांना दाढेसाठी दिल्या होत्या. तीन उरल्यात. वाया कशाला घालवायच्या?”

मी त्या गोळ्या पर्समध्ये टाकल्या आणि तिला म्हटलं, “बाई गं, दाढ वर आणि लघवीची पिशवी खाली. मध्ये केवढं अंतर आहे!” अँटिबायोटिक असं उरलंसुरलं, अर्धंमुर्धं घ्यायचं नसतं. जंतू मरत तर नाहीत, वर त्या औषधाची ओळख होऊन बसते त्यांना.

दुसऱ्या दिवशी भारती कामावर आली. आग कमी होती. हातात भली मोठी पाण्याची बाटली, पायात चप्पल आणि चपलेतून दिसणारे दोन पांढरेफेक अंगठे. सासूने सकाळी पुन्हा लावला होता.

गेटवरच शेठ उभे.

“भारती, ये पैर को क्या हुआ? पेंट लगा?”

“नाही शेठ. चुना लावलाय.”

मी लांबून ऐकलं आणि डोक्याला हात लावला.

“चूना?” शेठ म्हणाले. “मला सांगून लावते? सिस्टर, सुना आपने? लोक गुपचूप चूना लगाते हैं. ही सुट्टी पण घेते, चूना पण लावते, और बताती भी है!”

“शेठ, पायाला लावलाय, तुम्हाला नाही,” भारती म्हणाली. तिला बिचारीला शेठचा चुना, म्हणजे फसवण्याचा, कळलाच नव्हता. मागच्या बायका फिसकन हसल्या. शेठ सिंधीत काहीतरी पुटपुटत आत गेले. म्हणजे प्रकरण वाढलं होतं.

त्यात आणखी एक भानगड. आमच्या पॅकिंग लाईनचा एक नियम होता. लाईनवरून एका वेळी एकीनेच उठायचं. त्यासाठी खिळ्याला एक दांडी टांगलेली असायची. दांडी म्हणजे जुन्या फ्लशच्या टाकीचं मोडकं हॅण्डल, लाल रंग मारलेलं. जिच्या हातात दांडी ती बाथरूमला जाणार, बाकीच्यांनी थांबायचं. दांडी परत खिळ्याला आली की दुसरी उठणार. लेडीज टॉयलेट गोडाऊनच्या मागे, त्यामुळे दांडी एकदा गेली की लवकर येत नाही. बायकांनी यावर काढलेला उपाय सोपा होता. त्या पाणीच प्यायच्या नाहीत. सकाळी घरून निघताना जायचं, ते संध्याकाळी घरी पोचल्यावर. मला हे पहिल्यापासून खुपत होतं. दोनदा बोलले होते. “देखेंगे” असं उत्तर मिळालं होतं.

आता मी भारतीला सांगितलेलं, पाणी पी आणि आली की जा. भारती कामात प्रामाणिक, तशी आजारातही प्रामाणिक. ती बाटलीवर बाटली प्यायली. त्यामुळे दांडी सतत भारतीकडे.

“भारती, दांडी तुझ्या नावावर करून घेतलीस काय गं?” शकुंतला ओरडली. ही तिच्या शेजारच्या टेबलावरची.

“दे ना गं, माझी पण टाकी भरलीय!” दुसरी.

“थांब गं बये, आत्ताच तर आले, पुन्हा लागली!” म्हणत भारती पळाली.

शेठच्या केबिनमध्ये कॅमेऱ्याचा टीव्ही आहे. त्यांनी मला बोलावलं. पडद्यावर भारती दांडी घेऊन जाताना दिसत होती. मग येताना दिसली. मग पुन्हा जाताना.

“देखो. ये काम कब करती है?”

“शेठ, माल बघा तिच्या टेबलावरचा. साचलाय का?”

शेठनी पाहिलं. साचला नव्हता. माणूस मनाने चांगला. “मग तिला प्रॉब्लेम काय आहे, अदी?” अदी म्हणजे सिंधीत ताई. त्यांना माझ्याकडून खरं काढायचं असलं की मी सिस्टरची अदी होते.

मी शब्द दिला होता. मी पुन्हा तेच म्हटलं, “उष्णता आहे शेठ. अंदर की गरमी.”

“अच्छा,” ते म्हणाले. “खरंच गरमी होते तिला?”

“हो.”

“ठीक है. मैं करता हूँ कुछ.”

मला बरं वाटलं. जेवणाची सुट्टी संपवून पॅकिंगला गेले तर काय, मोल्डिंगवाल्यांचा मोठा पेडस्टल फॅन भारतीच्या टेबलासमोर उभा, फुल स्पीडला. जानेवारी महिना. बायका पदर डोक्यावरून घेऊन, कानात ओढणी कोंबून बसलेल्या. आणि टाक्यांच्या खोक्यात भरायचे थर्माकोलचे बारीक दाणे उडून उडून सगळ्यांच्या केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर. बदलापूरच्या बायकांनी जन्मात पहिल्यांदा बर्फ पडताना पाहिला.

“सिस्टर,” शकुंतला दात वाजवत म्हणाली, “हिची उन्हाळी जाईपर्यंत आमचा हिवाळा होणार काय?”

शेठ दारात उभे राहून हसत होते. केवढं समाधान चेहऱ्यावर! मी जाऊन फॅन बंद केला की ते येऊन चालू करायचे. “रहने दो सिस्टर, बिचारीला गरमी होते.”

शुक्रवारी सकाळी भारती माझ्या रूममध्ये आली ती थरथरत. मला वाटलं फॅनचाच प्रताप. पण हात लावला तर चटका. थर्मामीटर लावला, ताप चांगलाच होता.

“पाठीत दुखतंय?”

“इथे. डाव्या बाजूला. रात्रीपासून.”

“आणि हे मला आत्ता सांगतेस?”

“उद्या मोठे शेठ येणार आहेत ना. म्हटलं उद्याचा दिवस काढू. रविवारी जाते डॉक्टरकडे.”

मी खुर्चीतून उठले. पिशवीतली सूज पिशवीत असते तोवर पाणी, गरम शेक, विश्रांती, हे सगळं ठीक. ताप आला आणि पाठ धरली म्हणजे जंतू वर किडनीकडे निघालेत. तिथे धने चालत नाहीत, चुना चालत नाही आणि सिस्टरही चालत नाही. डॉक्टर लागतो, आणि तोही त्याच दिवशी.

“आत्ताच्या आत्ता जायचं,” मी म्हटलं.

“सिस्टर, आज हाफ डे टाकला तर गेलं माझं नाव. शेठ म्हणतील पुन्हा सुट्टी लागली हिची.”

“शेठला मी सांगते. खरं काय ते सांगते. पण तुझ्या परवानगीशिवाय नाही सांगणार. बोल.”

ती रडायला लागली. नाक पुसलं. थोडा वेळ स्वतःच्या पांढऱ्या अंगठ्यांकडे बघत बसली.

“सांगा,” ती म्हणाली. “पण हळू सांगा. कोणाला ऐकू जायला नको.”

“अजिबात नाही. त्यांच्या कानातच सांगते.”

शेठ मोल्डिंगच्या मशीनपाशी होते. तिथे कॉम्प्रेसरचा असा आवाज असतो की माणूस मनात बोलतो तेही ओरडून बोलतो. मी त्यांच्या कानाशी गेले.

“शेठ, भारतीला लघवीचा त्रास होतोय.”

“क्या?”

“लघवी! लघवीला त्रास!”

“लगीन? किसका लगीन?”

“लगीन नाही हो!”

“भारती का लगीन? उसका तो हो गया है ना! म्हणून सुट्टी पाहिजे काय?”

माझ्याही संयमाला सीमा आहे. मी छातीत हवा भरली. आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. आमच्याकडे शुक्रवारी लाईट जाते हे लहान पोरालाही माहीत आहे, पण माझ्या तोंडातून वाक्य सुटलं होतं आणि ते आता परत घेता येत नव्हतं. कॉम्प्रेसर बंद, मशीन बंद, पंखे बंद, सगळी कंपनी चिडीचूप. आणि त्या शांततेत माझा आवाज पत्र्यापर्यंत जाऊन खाली आला.

“भारतीला लघवी करताना जळजळ होते, शेठ!”

शेठ लाल झाले. लांब माझ्या रूमच्या दारात भारतीने ओढणीने तोंड झाकून घेतलं. एक थर्माकोलचा दाणा तरंगत तरंगत शेठच्या खांद्यावर बसला.

मग पॅकिंगच्या अंधारातून शकुंतलाचा आवाज आला. “सिस्टर, मला पण होते.”

“मला मागच्या महिन्यात झाली होती,” दुसरी म्हणाली.

“मला तर सारखीच होत असते. दांडी मिळते कुठे?”

“मी तर पाणीच पीत नाही.”

एकेक करून सगळी लाईन बोलली. आणि शेवटी डिस्पॅचच्या कोपऱ्यातून एक जाड पुरुषी आवाज आला, “सिस्टर, मला पण होते अधूनमधून.”

त्याला मी नंतर बाजूला घेऊन सांगितलं. पुरुषांना असं होत असेल तर घरचे उपाय करत बसूच नये, पहिल्याच वेळी डॉक्टरकडे जावं. पण त्या क्षणी त्याच्यामुळे सगळे हसले आणि भारतीने तोंडावरची ओढणी काढली.

“उन्हाळी मतलब ये?” शेठ म्हणाले.

“हो.”

“तर मग असं सांगायचं ना! माझ्या मम्मीला पण व्हायचं. मी तिला हॉस्पिटलला घेऊन गेलो होतो!” त्यांनी कपाळावर हात मारला. “और मैंने पंखा लगाया!”

“लावलात. फुल स्पीडला.”

“अदी, तुम्ही पण मला बोलला नाही.”

“तिने नको म्हटलं होतं. आता ताप आहे तिला, पाठ दुखतेय. आजच न्यायला हवं.”

शेठनी स्वतःची गाडी काढायला सांगितली. ड्रायव्हर नवीन होता, यूपीचा. शेठ त्याला म्हणाले, “जल्दी करो, उन्हाळी का केस है.”

ड्रायव्हरने गाडी चालू केली आणि अदबीने विचारलं, “साहब, ये उन्हाळी किधर पड़ेगा? कर्जत के आगे?”

भारती तापात होती तरी हसली. तेवढ्यावरूनच मला कळलं, पोरगी बरी होणार.

बदलापूरच्या डॉक्टर बाईंनी तिला तपासलं. पाठीवर हलकंच टिचकलं तर ती कळवळली. लघवी तपासायला घेतली, कल्चरलाही पाठवली. कल्चर म्हणजे लघवीतला जंतू प्रयोगशाळेत वाढवायचा आणि तो कुठल्या औषधाने मरतो ते बघायचं. रिपोर्ट यायला वेळ लागतो, म्हणून औषध लगेच सुरू केलं आणि बजावलं, “बरं वाटलं तरी कोर्स पुरा करायचा. मध्ये सोडायचा नाही. ताप उतरला नाही, उलट्या झाल्या तर लगेच परत.”

“आजच आणलंत ते चांगलं झालं,” त्या मला म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष खाली गेलं. “हे पायाला काय?”

“चुना,” भारती म्हणाली.

“फ्रॅक्चर आहे?”

“नाही. उन्हाळीसाठी.”

“माझी आजी बेंबीत लावायची,” त्या म्हणाल्या आणि चिठ्ठी लिहायला लागल्या.

शनिवारी मोठे शेठ आले. भारती घरी झोपलेली. मी काहीतरी निमित्त काढून केबिनच्या बाहेर मलमपट्टीचं कपाट आवरत बसले. ते कपाट मी वर्षात एकदा आवरते.

“ये भारती,” आतून मोठ्या शेठचा आवाज आला. “ये वही छुट्टीवाली है ना?”

माझा हात कापसावर थांबला.

“बीमार थी, साहब,” आमचे शेठ म्हणाले. “बुखार में भी टेबल पे बैठी. माल एक दिन नहीं रुका उसका. गलती मेरी थी, मुझे बीमारी समझी नहीं.”

“क्या बीमारी थी?”

मी मनात म्हटलं, शेठ, आता तुम्हीपण ‘गरमी’ म्हणाल. पण माणूस शिकला होता.

“पेशाब का इन्फेक्शन,” शेठ खणखणीत आवाजात म्हणाले. “हमारी लेडीज को बहुत होता है साहब, क्योंकि हमने पूरी लाईन को एक दांडी दी है.”

“एक क्या दी है?”

मग आत बराच वेळ दांडी म्हणजे काय ते समजावणं चाललं. मोठे शेठ हसल्याचा आवाज आला, मग खोकल्याचा, मग सहीचा. सहीचा आवाज येत नाही म्हणाल, पण मोठे शेठ सही करून पेन टेबलावर आपटतात. मी कपाट बंद केलं आणि भारतीला फोन लावला. फोन सासूने उचलला. “बरी हाय आता, झोपलीय,” म्हणाली. “चुन्यानं उतरलं.” मी तिला परमनंटची बातमी दिली. ती म्हणाली, “ते पन चुन्यानंच.” मी वाद घातला नाही.

दांडी गेली. ऑफिसच्या बाजूचं टॉयलेट बायकांना उघडून दिलं. भारती बरी होऊन आली, कोर्स पुरा केला, आता पॅकिंगची परमनंट कामगार आहे.

एकच झालं. शेठना या विषयाची गोडी लागली. रोज सकाळी ते लाईनवर येतात आणि सगळ्यांसमोर, कॉम्प्रेसरच्या वरताण ओरडून विचारतात, “शकुंतला, पानी पिया? भारती, जाके आई? रोकना नहीं हां, आया तो जाने का!” बायका खाली मान घालून टाक्या भरतात. परवा शकुंतला माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सिस्टर, शेठला आवरा. आता पाणी प्यायचीच लाज वाटते.”

मी तिला म्हटलं, बाई, दुखणं लपवलं तर दुखणं वाढतं आणि सांगितलं तर चौकशी वाढते. दोन्हींत चौकशी परवडली. तिला अँटिबायोटिक लागत नाही.